काय वाचताय ते सांगा, पण नीट सांगा

वर्ष संपत आलं की 'यंदा वाचलेली पुस्तकं' अशा याद्या फिरू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ त्या याद्यांवरचा वाद. एक बाजू म्हणते, वाचन गुपचूप करायचं असतं. मुखपृष्ठांचे फोटो टाकणं म्हणजे निव्वळ दिखाऊपणा. दुसरी बाजू म्हणते, मराठी वाचन आटत चाललेलं असताना कुणी काहीही, कसंही सांगितलं तरी स्वागतच करा. हा वाद वर्षानुवर्षं असाच चाललाय आणि त्यातून काही निष्पन्न होत नाही, कारण पहिली बाजू सांगणाऱ्याच्या स्वभावाबद्दल बोलते आणि दुसरी भाषेच्या भवितव्याबद्दल. ज्याने ते पुस्तक उद्या हातात घ्यायचं, तो वाचक दोघांच्याही बोलण्यात कुठे येत नाही. आपण काय वाचतोय हे सांगायलाच हवं, मराठीत तर आवर्जून सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पण शिफारस करणं हे काम आहे. त्याला रीत आहे, त्यात चुका होतात, आणि ते सुरू होतं समोरच्या माणसापासून. पुस्तक नंतर येतं.

'वाचन ही खासगी गोष्ट' हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारलं जातं, जणू पूर्वापार तसंच चालत आलंय. आपल्याकडे ते तसं कधी होतं? गिरगावातल्या, गिरणगावातल्या चाळींमध्ये चातुर्मासात 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' लागायचा तो चार बिऱ्हाडं जमवून. वाचणारा एक, ऐकणारे वीस-पंचवीस, आणि त्यातल्या कित्येकांना अक्षरओळखही नसे. पोथी कितव्या अध्यायावर आली हे सगळ्या मजल्याला ठाऊक असायचं. वर्तमानपत्रही एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहांनी ऐकायचं. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही जी सभा काढली, तिच्या ज्ञानप्रसारक शाखांचं कामच मुळी निबंध सर्वांपुढे वाचणं आणि त्यावर चर्चा करणं हे होतं. उलट गुपचूप वाचन कुणाच्या वाट्याला आलं होतं? रमाबाई रानडे लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकू लागल्या, तेव्हा घरातल्या बायकांचा रोष ओढवायला त्यांचं नुसतं वाचणं पुरेसं ठरलं. त्या काळी बाईने आडोशाला बसून वाचणं हा तिच्या रुचीचा भाग नव्हता, तो नाइलाज होता. एकांतातल्या वाचनाची गोडी मोठी आहे, हे मान्यच. आजारपणात, दुःखात, स्वतःशी काही निस्तरताना माणूस जे वाचतो ते त्याने न सांगणंच बरं. पण तो नियम सरसकट सगळ्या वाचनाला का लावायचा?

दिखाऊपणाचा आक्षेप त्याहून वजनदार आहे आणि निम्मा खराही आहे. कॉफीच्या कपाशेजारी ठेवलेलं, कणाही न मोडलेलं जाड पुस्तक पाहिलं की ते उघडलं तरी असेल का अशी शंका येते. पण दादरला मिसळ कुठे चांगली मिळते किंवा पार्ल्यात दातांचा डॉक्टर कोण बरा, हे सांगणाऱ्याला आपण दिखाऊ म्हणत नाही. पुस्तकाचं नाव घेतल्यावरच तो शब्द का आठवतो? कारण वाचणारा म्हणजे आपल्यापेक्षा वरच्या पायरीवरचा, ही समजूत आक्षेप घेणाऱ्याच्याही मनात पक्की असते. ती घालवायची तर पुस्तकांबद्दल मिसळीइतक्याच मोकळेपणाने बोललं पाहिजे. शिवाय दिखावा उघडा पाडणं अवघड नाही. 'यात तू कुठे अडखळलास?' एवढं विचारावं. ज्याने वाचलंय त्याच्याकडे या प्रश्नाचं लांबलचक उत्तर असतं.

आता मराठीत हे अधिक निकडीचं का, ते आकड्यांत पाहू. नव्या मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा ५०० किंवा १,००० प्रतींची असते. ३०० रुपयांच्या ५०० प्रती म्हणजे छापील किमतीने दीड लाख रुपये. त्यातून विक्रेते-वितरकांची सवलत जाते, कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ यांचा खर्च जातो. लेखकाचं मानधन १० टक्के धरलं तर सगळ्या प्रती खपल्यावर त्याच्या हाती १५,००० रुपये पडतात. एवढ्या उलाढालीत जाहिरात बसत नाही. म्हणजे हे पुस्तक निघालंय हे वाचकाला कळण्याचे मार्ग दोनच उरतात: दुकानात दिसणं, नाहीतर कुणीतरी सांगणं. त्यातली दुकानं घटली. फोर्टमधला टी. एन. शानभागांचा स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ साली सुरू झाला आणि २०१८ साली बंद पडला. गिऱ्हाइकाची आवड ओळखून पुस्तक पुढे करण्याबद्दल त्या दुकानाचा लौकिक होता. तशी माणसं काउंटरमागे उरली नाहीत, तर ते काम वाचकांनीच करायला हवं. एखाद्या पुस्तकाला बोलण्या-सांगण्यातून ५० वाचक मिळाले, तर ५०० च्या आवृत्तीचा दहावा हिस्सा संपतो. जगभर खपणाऱ्या इंग्रजी कादंबरीला ५० जणांनी काही फरक पडत नाही. मराठी पुस्तकाचे गठ्ठे गोदामात पडून राहणार की दुसरी आवृत्ती निघणार, हे मात्र एवढ्याच माणसांवर ठरू शकतं.

योग्य माणसाच्या हाती योग्य वेळी पुस्तक पडल्याने काय घडू शकतं, याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा वाचत बसलेला असे. कृष्णाजी अर्जुन केळुसकरही त्या बागेत येत. ते शिक्षक होते, लेखक होते. त्यांनी त्या मुलाची चौकशी केली, ओळख वाढवली, आणि पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकरांच्या त्या पुस्तकाने आपल्याला बुद्धाकडे वळवलं, हे बाबासाहेबांनी अखेरच्या काळात बुद्धावरच्या आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे. हा प्रसंग आपण केळुसकरांचा मोठेपणा म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यातली रीत पाहावी अशी आहे. केळुसकरांनी आधी वाचणारा पाहिला. तो काय वाचतो, किती वेळ वाचतो, कोणत्या घरातून येतो हे त्यांना माहीत झालं होतं. भेट दिली ती एका पुस्तकाची. नुसतं नाव सुचवलं नाही, प्रत हातात ठेवली. ज्या घरात पुस्तक विकत घेणं सोपं नाही तिथे या फरकाला फार अर्थ आहे. आणि ते पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं. आज कुणी असं केलं तर आत्मप्रसिद्धी म्हणून हिणवतील. पण शिफारस योग्य की अयोग्य हे पुस्तक कुणाचं यावरून ठरत नाही, ते कुणाला दिलं यावरून ठरतं.

म्हणून 'एखादं चांगलं पुस्तक सांग ना' असं कुणी म्हटलं की लगेच नाव सांगू नये. आधी तीन गोष्टी विचाराव्यात. शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं? आवडतं कोणतं असं विचारलं की माणसं शाळेत ऐकलेली आदरणीय नावं घेतात. पूर्ण केलेलं कोणतं म्हटलं की खरं उत्तर येतं. दुसरं, अर्धवट सोडलेलं कोणतं आणि साधारण कुठे सोडलं? पहिल्या वीस पानांत सोडणाऱ्याची अडचण बहुधा भाषेची असते. मध्यावर सोडणाऱ्याला कथानक सैल वाटलेलं असतं, किंवा पात्रांच्या नावांचा गोंधळ झालेला असतो. आणि तिसरं, वाचतोस कधी आणि कुठे? मुंबईत हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीला एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला ६०० पानांचं, सातशे-आठशे ग्रॅमचं पुठ्ठा बांधणीचं पुस्तक सुचवणं म्हणजे त्याला ते न वाचायला सांगणं. त्याला एका हातात मावेल अशा डेमी आकाराचं, २०० पानांच्या आतलं, आणि ठाणे-कुर्ला या अंतरात एक प्रकरण संपेल असं काही हवं. तेच मोठं पुस्तक रात्री जेवणानंतर तासभर निवांत बसणाऱ्याला सांगावं. साठीपुढच्या वाचकासाठी आधी टाइप किती बारीक आहे ते पाहावं. जुन्या आवृत्त्यांची दाटीवाटीची छपाई पाहूनच कित्येक जण पुस्तक परत करतात आणि आपण समजतो, आवडलं नाही. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर त्या माणसाच्या हाती मृत्यूवरचं पुस्तक 'फार सुंदर आहे' म्हणून देऊ नये. तो मागेल तेव्हा द्यावं.

एकदा नाव सांगितलं की मागे लागू नये. मराठी गद्य तासाला पंचवीस-तीस पानं या वेगाने वाचलं तर ३०० पानांना दहा-बारा तास लागतात. रोज चाळीस मिनिटं वाचणाऱ्याला त्यासाठी दोन-अडीच आठवडे हवेत, तेही एक दिवसाचा खाडा न होता. आठवड्याने 'झालं का वाचून?' असं विचारलं की तो माणूस आपल्याला टाळायला लागतो, आणि पुस्तकालाही.

शिफारस कशी असावी याचा उत्तम नमुना मुंबईच्या कचेऱ्यांनी केव्हाच घालून दिलाय, फक्त त्याला कुणी शिफारस म्हणत नाही. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि पुढे ती प्रथाच पडली. अंकांच्या किमती वाढल्यावर कचेऱ्यांमध्ये, बँकांमध्ये पंधरा-वीस जण वर्गणी काढून अंक घेऊ लागले. प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत एक कागद टाचलेला असतो. त्यावर सगळ्यांची नावं, ज्याचं वाचून झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण, आणि अंक चार दिवसांत पुढच्याकडे जायला हवा. पुढच्या टेबलावर अंक ठेवताना देणारा सांगतो: 'पान अमुकवरचा लेख वाच, कथा सोडल्यास तरी चालेल, कवितांत दोन बऱ्या आहेत.' बस्स. कुठे वाचायचं, कुठे सोडायचं, हे पान क्रमांकासह आणि समोरच्याकडे वेळ किती आहे याचं भान ठेवून सांगितलेलं. त्यात 'अप्रतिम' नाही, 'संग्राह्य' नाही. पुस्तकांबद्दल बोलताना मात्र आपण हे सगळं विसरतो आणि विशेषणांवर येतो.

विरोधकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा माझ्या मते वेगळाच आहे, आणि तो फारसा कुणी मांडत नाही. अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल जाहीरपणे बोललं की आपण आपल्याच मताला बांधले जातो. साठाव्या पानावर 'काय जबरदस्त कादंबरी आहे' असं चार लोकांत सांगितलं, की दोनशेव्या पानावर ती घसरली तरी मन ते कबूल करायला कचरतं. सुरुवातीला कंटाळवाणी म्हटलेली कादंबरी पुढे उलगडली, तरी आपण वाकड्या नजरेनेच वाचत राहतो. हे खरंच होतं आणि वाचनाचं त्यात नुकसान आहे. पण ते बोलल्यामुळे होतं, की निकाल दिल्यामुळे? चालू वाचनाबद्दल बोलताना निकाल राखून ठेवता येतो. मी कितव्या पानावर आहे, आतापर्यंत कोणता काळ, कोणतं गाव आलं, निवेदन कोण करतंय, वेग कसा आहे, एवढंच सांगावं. 'पहिली साठ पानं फक्त कोकणातल्या एका घराची वाटणी चालली आहे, नाती लक्षात ठेवायला कागद लागतो' हे वाक्य माहिती देतं आणि सांगणाऱ्याला अडकवतही नाही. वाचून झाल्यावर दुसऱ्यांदा बोलावं आणि मत बदललं असेल तर तसं म्हणावं. आणि सोडून दिलेलं पुस्तक? त्याबद्दल तर जरूर सांगावं. कुठे सोडलं आणि का सोडलं, ही दुसऱ्या वाचकाला सगळ्यांत उपयोगी पडणारी माहिती, आणि नेमकी तीच कुठल्याही यादीत नसते.

याद्यांबद्दलची तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. वर्षाला १०० पुस्तकं म्हणजे सरासरी ३०० पानं धरली तर ३०,००० पानं. वर सांगितलेल्या वेगाने रोज तीन तास, वर्षभर, एकही दिवस न चुकता. हे करणारे लोक आहेत. पण बहुतेकांच्या बाबतीत आकडा गाठायचा म्हणून पुस्तकं पातळ होत जातात, अवघड पान दुसऱ्यांदा वाचलं जात नाही, आणि चार महिने पुरणारा मोठा ग्रंथ हातीच घेतला जात नाही. वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारी गुडरीड्ससारखी संकेतस्थळं आकड्याचं हे उद्दिष्ट दरवर्षी पुढे ठेवतात. गुडरीड्स २०१३ पासून ॲमेझॉनच्या मालकीचं आहे, तेव्हा वाचकाने एकाच ग्रंथात चार महिने घालवणं दुकानदाराला किती मानवेल, याचा विचार करावा. मराठी पुस्तकांची तिथे आणखी एक अडचण होते. एकाच पुस्तकाच्या रोमन आणि देवनागरी अशा दोन-तीन नोंदी होतात, वाचकांनी पसंतीचे म्हणून दिलेले तारे त्यांच्यात विभागले जातात आणि चांगलं पुस्तक पाच-सहा जणांनीच वाचल्यासारखं दिसतं. पाचपैकी चार तारे हे तसंही कुणालाच काही सांगत नाहीत.

'लोक सांगतात म्हणून सगळे तीच दहा-बारा पुस्तकं वाचतात' असाही एक आक्षेप असतो. वाचकाने कपाटासमोर उभं राहून स्वतः चाळावं, स्वतः शोधावं, हा त्यामागचा आग्रह मला मनापासून पटतो. प्रश्न असा की कोणत्या कपाटासमोर? जुन्या ग्रंथालयांपैकी अनेकांत वाचकाला कपाटांपर्यंत जाताच येत नाही. यादीतला क्रमांक चिठ्ठीवर लिहून देवघेवीच्या खिडकीत द्यायचा, मग आतून पुस्तक येतं किंवा 'बाहेर गेलंय' असं उत्तर येतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातले दोन असे, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आणि त्यासाठी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देण्याचा, त्यांनी आग्रह धरला. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. शतकाहून अधिक काळ जमवलेल्या अशा संग्रहांत खालच्या फळीवरच्या पुस्तकाला त्याचा वाचक कसा भेटणार? शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी हे काम थोडंफार करायची. शिक्क्यांची रांग पाहिली की कळायचं, हे पुस्तक एका वर्षात आठ वेळा गेलं, मग तेरा वर्षं कुणी हात लावला नाही, मग पुन्हा लागोपाठ तीन शिक्के. लागोपाठचे ते तीन शिक्के म्हणजे कुणीतरी कुणाला तरी सांगितल्याची खूण. नोंदी संगणकावर गेल्या तिथे वाचकापुरती ती खूण पुसली गेली. कुणी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने 'जरूर वाचा' लिहून ठेवतं, त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात 'शेवट पटत नाही' असतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे बरोबरच आहे. पण सांगायची दुसरी जागा मिळाली नाही की माणूस तिथे लिहितो.

त्याच दहा-बारा पुस्तकांचं काय? ती फिरत राहतात कारण ती सुचवण्यात धोका नसतो. सगळ्यांनी नावाजलेलं पुस्तक सुचवलं आणि समोरच्याला आवडलं नाही, तर दोष त्याच्याकडे जातो. अनोळखी पुस्तक सुचवलं तर आपल्याकडे येतो. यावर गप्प बसणं हा उपाय नव्हे. पाच जणांच्या गटात पुस्तकांवर बोलायचं ठरलं तर बाकीच्या चौघांनी न वाचलेलंच पुस्तक प्रत्येकाने आणावं, एवढा एक नियम केला तरी महिनाभरात यादी पालटते.

ओळखीपाळखीच्या परीक्षणांबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यात वादाला जागा नाही. लेखक मित्र असेल, प्रकाशकाने प्रत भेट दिली असेल, प्रकाशन समारंभात आपण व्यासपीठावर बसलो असू, तर ते पहिल्या वाक्यात सांगावं. सांगितल्यावर खुशाल कौतुक करावं. वाचक काय ते समजून घेतो. न सांगता केलेलं कौतुक एकदा उघडं पडलं की त्या माणसाच्या पुढच्या खऱ्या शिफारशीही वाया जातात.

समीक्षकांनी हे करावं, ऐऱ्यागैऱ्यांनी कशाला, असं म्हणणारेही आहेत. जाणकाराचं मोल मी कमी लेखत नाही. कवितेच्या घडणीबद्दल किंवा अनुवादाच्या प्रामाणिकपणाबद्दल जाणकारच बोलू शकतो. पण वर्तमानपत्रांत पुस्तकांच्या वाट्याला पूर्वीइतकी जागा राहिलेली नाही, आणि राहिली असती तरी आठवड्याला किती पुस्तकांना पुरली असती? मुंबईतच याची दोन उत्तरं पूर्वी शोधली गेली. १९६४ साली केशवराव कोठावळ्यांनी केवळ पुस्तकांना वाहिलेलं 'ललित' मासिक सुरू केलं आणि नवं काय आलं, कोण काय लिहितंय हे सामान्य वाचकाच्या घरी पोचू लागलं. सत्तरच्या दशकात ग्रंथाली उभी राहिली ती वाचक चळवळ म्हणून. प्रदर्शनं घेऊन तिचे कार्यकर्ते गावोगाव गेले. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली ग्रंथालीनेच काढलं. दलित माणसाचं आत्मकथन वाचायला मराठी मध्यमवर्ग तयार आहे का, हे त्या वेळी कोणता अनुभवी जाणकार छातीठोकपणे सांगू शकला असता? ते पुस्तक हातोहात गेलं, त्यावर घराघरांत वाद झाले, आणि त्यापाठोपाठ किती जणांना लिहावंसं वाटलं हे आपण पाहिलं आहे.

नीट सांगायचं म्हणजे तपशिलासह सांगायचं. मराठी पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशनाचं नाव सांगितल्याशिवाय शिफारस पुरी होत नाही. दुकानात नाव घेतलं की उलट प्रश्न येतो, 'प्रकाशन कुठलं?', आणि ते माहीत नसेल तर 'नाहीये' हे उत्तर ठरलेलं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव सांगायलाच हवं, कारण एकाच परभाषी कादंबरीचे दोन-तीन मराठी अनुवाद असतात आणि त्यातला एखादा संक्षिप्त असतो, हे मुखपृष्ठावर कळतही नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ पासून 'श्यामची आई' कुणीही छापू शकतं आणि अनेकांनी छापलं आहे. काही आवृत्त्या नीट आहेत, काहींत शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी. मुलाला ते पुस्तक घ्या असं सांगताना कोणती आवृत्ती हे सांगितलं नाही तर आपण अर्धंच सांगितलं. पानं किती, किंमत किती, बांधणी शिवलेली की नुसती डिंकाची, हेही सांगावं. डिंकाच्या बांधणीचं पुस्तक मुंबईच्या दमट हवेत चार हातांतून फिरलं की मधली पानं सुटी होतात, तेव्हा उसनं देण्याघेण्यासाठी ते निवडू नये.

आवृत्ती संपलेलं पुस्तक सुचवायचं असेल तर ते कोणत्या ग्रंथालयात आहे ते सांगावं, किंवा माटुंग्याच्या, फाउंटनच्या पदपथावर शोधायला सांगावं. व्हॉट्सॲपवर त्याची पीडीएफ पाठवू नये. चालू आवृत्तीची तर मुळीच नको. ५०० प्रतींच्या पुस्तकाची पीडीएफ दोनशे जणांच्या गटात टाकणारा माणूस बहुधा त्या पुस्तकावर खरोखर प्रेम करत असतो, आणि तरी त्याच्याच हातून दुसऱ्या आवृत्तीची शक्यता संपते.

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला शाळाशाळांत मुलांच्या हाती पुस्तकं देऊन फोटो काढले जातात. त्याच तासाला प्रत्येक मुलाने शेजारच्याला एक पुस्तक दोन मिनिटांत सांगायचं ठरवलं तर जास्त साधेल. सातवीतला मुलगा शिक्षकांनी सांगितलेलं पुस्तक घेतो आणि दप्तरात ठेवतो. मित्राने 'त्यात तो विहिरीत उतरतो ना, तिथपर्यंत वाच' म्हटलं की रात्री जागून वाचतो.

ग्रंथालयांना हे सगळं फार थोड्या खर्चात करता येईल. देवघेवीच्या खिडकीशी एक लांबट वही ठेवावी, पेन सुतळीने बांधून. चार रकाने आखावेत: पुस्तक आणि प्रकाशन, किती पानं वाचलं, कुणी वाचावं, कुणी वाचू नये. प्रत्येक नोंद दोन ओळींत. अशा वह्या सहसा का फसतात हेही ठरलेलं आहे: सुरुवातीचे आठवडे बरे जातात, मग 'छान', 'अप्रतिम', 'वाचनीय' यांनी पानं भरतात, मग परिसरातल्या एखाद्या लेखकाचे स्नेही ओळीने येऊन लिहून जातात, आणि वही कपाटात जाते. त्यावर इलाज म्हणजे चौथा रकाना सक्तीचा करणं. तो रिकामा असेल तर ग्रंथपालाने नोंद बाद करावी. 'कुणी वाचू नये' हे लिहायचं तर पुस्तक वाचलेलं असावं लागतं. दर महिन्याला त्यातल्या दहा नोंदी फलकावर लावाव्यात आणि ती पुस्तकं आतल्या कपाटातून काढून खिडकीजवळच्या रॅकवर ठेवावीत, म्हणजे निदान तेवढ्यांना तरी वाचकाचा हात लागेल. आणि अनुदानाच्या रकमेतून जास्त सवलत देणाऱ्या वितरकाकडून मार्चअखेरीस गठ्ठ्याने खरेदी करण्यापूर्वी, ग्रंथ निवड समितीने दर तीन महिन्यांनी ही वही समोर घेऊन बसावं. वाचकांनी विचारलेलं आणि संग्रहात नसलेलं प्रत्येक पुस्तक त्या बैठकीत नावानिशी वाचून दाखवावं, आणि घेतलं नाही तर का घेतलं नाही ते त्याच नोंदीखाली लिहावं.